वान-फूचा उजवा खांदा

माझी आई म्हणायची, "आ-लान, देवाने माणसाला दात दिलेत ते जिभेला आत कोंडायला." मी तिचं ऐकलं असतं तर यू वान-फूबद्दल आज काही सांगायची वेळ आली नसती.

मी वैद्यकीय कॉलेजात, शरीररचनेच्या विभागात, एकोणीस वर्षं कामाला आहे. टेबलं पुसते, चादरी धुते, पोरांना ओरडते. आमच्याकडे देहदान करून आलेल्या माणसाला प्रेत म्हटलेलं मी खपवून घेत नाही. गुरुजी म्हणायचं. बाईमाणूस असलं तर बाई म्हणायचं. वर्षभर मुलं त्यांच्याकडून शिकतात, आणि शेवटी जे जे उघडलं ते सगळं टाक्याटाक्याने शिवून, नवे कपडे घालून, शवपेटी आपल्या खांद्यावरून गाडीपर्यंत नेतात. पण हे सगळं नंतर. सुरी हातात घ्यायच्या आधी गुरुजींच्या घरी जायचं, घरच्यांसोबत चहा प्यायचा, माणूस कसा होता ते विचारायचं आणि त्याचं पानभर चरित्र लिहायचं. ते पान टेबलाच्या उशाशी राहतं आणि निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचलं जातं.

त्या वर्षी चार नंबरच्या टेबलाच्या कागदावर नाव होतं, यू वान-फू, वय चौऱ्याहत्तर, धंदा कालवांची शेती. माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. हा माणूस माझ्या गावचा. बावीस वर्षांपूर्वी मी ह्याच्याविषयी एक वाक्य बोलले होते, आणि त्या एका वाक्यावर गावाने त्याचा निकाल लावला होता.

मी कोणाला काही बोलले नाही. पण नशीब बघा. त्या टेबलावरची मुलगी पेइ-लिंग, राजधानीची, हुशार, तिला सरकारी भाषेपलीकडे काही येत नाही. आणि वान-फूची बायको आ-किम गावच्या बोलीपलीकडे बोलत नाही. फांग सर मला म्हणाले, "लान बाई, तुम्ही त्याच गावच्या ना? जा हिच्याबरोबर दुभाष्या म्हणून." नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं.

आ-किम अंगणात बसून कालवं फोडत होती. शेजारी शिंपल्यांचा ढीग कमरेइतका. तिने आम्हाला बघितलं, हात धुतले नाहीत, पायानेच दोन स्टुलं पुढे ढकलली.

"बसा. ही पोर कापणार का माझ्या नवऱ्याला?"

पेइ-लिंगचं तोंड एवढंसं झालं. मी भाषांतर केलं, "आजी म्हणतात, तुम्ही शिकणार ना त्यांच्याकडून."

"हो आजी," पेइ-लिंग म्हणाली. "आजोबा कसे होते?"

"कसे असणार? मुके. दिवसभर खाडीत, आणि घरी आले की बांबूच्या आरामखुर्चीत." आ-किमने एक कालव चाकूने उघडलं. "उजवा हात वर जायचा नाही. सदरा मी घालायची. खांद्याच्या मागे एक खळगा होता बघ, फऱ्यावर. आंघोळीला पाणी ओतलं की त्यात साचायचं. मी म्हणायची, इथे मासे पाळू या."

पेइ-लिंगने वहीत 'उजवा, मागे खळगा' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग आ-किमने पालखीची गोष्ट काढली, आणि मी स्टुलावर आखडून बसले.

आमच्या गावच्या मात्सू आईची, म्हणजे समुद्राच्या देवीची, पालखी तिसऱ्या महिन्यात जुन्या देवळाला जाऊन परत येते, सात कोस. पुढच्या दोन दांड्यांवर कोण राहणार हे कौलाने ठरतं. दोन लाकडी फाकी देवीपुढे टाकायच्या, एक उताणी आणि एक पालथी पडली की 'हो'. असं लागोपाठ तीनदा आलं की ती जागा त्याची. मग प्रत्यक्ष आमदार आला तरी बदलत नाही. त्या वर्षी उजवा दांडा वान-फूच्या थोरल्या भावाला, आ-सेंगला आला, आणि डावा वान-फूला. डाव्या दांड्याचा भार उजव्या खांद्यावर पडतो. दोघं सख्खे भाऊ एका वेळी पुढे, असं आधी कधी झालं नव्हतं. त्यांच्या गल्लीत फटाके फुटले.

सात कोस तो माणूस हूं की चूं न करता चालला. देवळाच्या दारात पालखी दांड्याकडच्या हाताने डोक्यावर तीनदा उचलायची असते. "उचला!" अशी आरोळी झाली, सगळ्यांचे हात वर गेले, आणि वान-फूचा उजवा हात छातीच्या वर येईना. दांडा घसरला, पालखी कलली, आणि आईचा मुकुट पायरीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

"सगळे ह्यांच्या अंगावर धावले," आ-किम म्हणाली. "सात कोस चालला आणि नेमकं दारात हात आखडला? म्हणजे आईनेच दारातून परतवला, काहीतरी विटाळ घेऊन आलाय! आणि तेवढ्यात गर्दीतून एक सटवी बोलली, काल संध्याकाळी मी ह्याला गोमांसाच्या शेवयांच्या दुकानातून तोंड पुसत बाहेर येताना पाहिलं."

पालखीवाल्यांनी तीन दिवस शाकाहारी राहायचं असतं. आणि गोमांस तर आमच्याकडचे शेतकरी एरवीही खात नाहीत, ज्या बैलाने नांगर ओढला त्याला कसं खायचं?

मी पेइ-लिंगला सगळं सांगितलं. पण सांगताना 'एक सटवी बोलली' च्या जागी 'अफवा उठली' असं म्हटलं. कारण ती सटवी मी होते.

आ-किम चाकू फिरवत पुढे बोलत होती. "त्या दुकानाच्या मागच्या खोलीत हाडवैद्य बसायचा. हे तिथे खांदा चोळून घ्यायला गेले होते. म्हाताऱ्याने इतका रगडला की घामाघूम झाले. डाव्या हाताने तोंड पुसत बाहेर आले, उजवा उचलतच नव्हता ना. शेवयांना हात लावला नाही त्यांनी."

हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, तोपर्यंत माहीत नव्हतं. जे पाहिलं ते मी सांगितलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझे कान तापले, आणि मी पेइ-लिंगला काही सांगायचंच विसरले.

"मावशी, आजी काय म्हणाल्या? खूप बोलल्या त्या."

"चहा घे म्हणतात."

आ-किमने माझ्याकडे बघितलं. तिला सरकारी भाषा बोलता येत नसेल, पण समजत नाही असं कोण म्हणालं? मग तिने चाकू खाली ठेवला आणि पेइ-लिंगला सरळच सांगितलं, "पोरी, तुला माझा नवरा दिलाय. मला एकच गोष्ट हवी. निरोपाच्या दिवशी सेंग भाऊजी यायला हवेत. एका गल्लीत राहून बावीस वर्षं भावाचं तोंड पाहिलं नाही त्यांनी. मरताना हे एवढंच विचारत होते, दादा येईल का? आणि मी काय सांगणार, कप्पाळ?"

हे वाक्य मात्र मी एकही शब्द न गाळता पोचवलं.

खांद्याचं प्रकरण नोव्हेंबरात आलं. मी फरशी पुसत होते, आणि पेइ-लिंग ओरडली, "सर, इथे खाच सापडत नाहीये!"

एकोणीस वर्षं ऐकून ऐकून मलाही थोडं कळतं, ते सांगते. फऱ्याच्या हाडाच्या वरच्या काठाला नखाएवढी खाच असते. त्या खाचेवर इकडून तिकडे एक चिवट पट्टी ताणलेली असते, तिला अस्थिबंध म्हणतात. म्हणजे झाला छोटासा पूल. रक्तवाहिनी पुलावरून जाते आणि नस पुलाखालून. ती नस मागच्या दोन स्नायूंना जाते. हात वर उचलायला सुरुवात करून देणारा स्नायू एक, आणि हात बाहेर फिरवणारा दुसरा. पोरं परीक्षेच्या आधी जेवताना 'वाहिनी वर, नस खाली' असं पुटपुटत बसतात.

वान-फूच्या उजव्या खांद्यात ती पट्टी पट्टी राहिलीच नव्हती. तिचं हाड झालं होतं. खाचेच्या जागी हाडात एक बारीक भोक, आगपेटीची काडीही जाणार नाही इतकं. त्या भोकातून ती नस गेली होती, आत शिरताना जाड, आतमध्ये चपटी, जशी दाताखाली सापडलेली शेवई. पलीकडे स्नायूंच्या जागी पिवळी चरबी. आ-किम ज्यात मासे पाळणार होती तो खळगा तो हाच.

फांग सरांनी डावा खांदा उघडायला लावला. तिथे पट्टी मऊ, नस गोल, स्नायू लालसर भरलेले.

"सर, म्हणजे ह्यामुळेच..." पेइ-लिंग म्हणाली.

"घाई नको. असा हाडाचा पूल घेऊन कित्येक माणसं शंभरी गाठतात, त्यांना काही होत नाही." सर वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी सांध्याभोवतीच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, तपासल्या, मानेतून येणारी नसांची मुळं तपासली. "पण इथे नस चपटी आहे, त्या नसेचेच दोन्ही स्नायू वाळलेत, आणि दुसरं काही फाटलेलं नाही. हे एका दिवसाचं नाही. वीस-पंचवीस वर्षं तरी चाललं असेल."

मी मॉप धरून टेबलाशी गेले. "सर, अशा माणसाला खांद्यावर ओझं वाहता येईल का?"

"का नाही? वाहणारा स्नायू वेगळा, मानेपासून येतो. त्याची नस ह्या पुलाखालून जातच नाही. कोसन् कोस वाहील. फक्त उचल म्हटलं की हात वर जाणार नाही."

सात कोस चालला आणि नेमकं दारात हात आखडला. सगळं गाव ज्याला देवीचा कोप म्हणत होतं, ते नखाएवढ्या जागेत होतं. मी सरांसमोर, दहा पोरांसमोर, मॉपच्या दांड्यावर डोकं टेकून रडले. कोणाला काही कळेना. पेइ-लिंगने मला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं, तेव्हा मी तिला त्या दिवशी गाळलेलं सगळं सांगितलं.

तिने माझ्या हातातला पेला घेतला. नंतर म्हणाली, "मावशी, चरित्रात मी 'अफवा' लिहिलंय. ते तसंच राहू देऊ?"

ह्या आजकालच्या पोरी! शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी आम्ही पुन्हा आ-किमकडे गेलो. पेइ-लिंगने दोन्ही खांद्यांची चित्रं काढून नेली होती. आ-किमने ती तेलकट बोटांनी धरून खूप वेळ बघितली. उजव्या चित्रावरच्या भोकावर तिने नख ठेवलं.

"एवढंसं?"

"एवढंसं," मी म्हटलं. "आणि वहिनी, त्या दिवशी गर्दीतून बोलली ना, ती..."

"तू होतीस. माहीत आहे मला. तुझा आवाज गावात कोण ओळखत नाही? म्हणून तर त्या दिवशी तुझ्या तोंडावर बोलले. बघायचं होतं, पोरीला सांगतेस का." तिने चित्राची नीट घडी घातली. "नाही सांगितलंस."

मी स्टुलावरून उठून तिच्या पायाशी वाकायला गेले तर तिने चाकूच पुढे केला. "हात धू आणि ही पाटी फोडायला लाग. वाकून काय होणार आहे?"

मी कालवं फोडायला बसले. मध्येच ती आपल्याशीच हसली. "मुकुट फुटल्यावर देवीला कौल लावून काय विचारलं होतं आठवतं? वान-फूला दांड्यावरून उतरवायचं का? तीनदा हो म्हणाली आई. खरंच तर सांगत होती, माझ्या लेकराचा खांदा गेलाय, उतरवा त्याला. त्यात विटाळ तुम्ही घातलात." मग ती हसायची थांबली. "आणि ह्यांनी तेच खरं धरलं गं. दर अमावास्येला बाहेरच्या पायरीवरून कौल लावायचे, आई, माझं काय चुकलं? आत पाऊल ठेवलं नाही शेवटपर्यंत. देह द्यायच्या कागदावर सही केली तेव्हा म्हणाले, देवीला चालला नाही तर पोरांना चालेल हा खांदा."

पाटी संपली तेव्हा तिने चित्र पेइ-लिंगच्या हातात परत दिलं आणि ती मला म्हणाली, "माफी मला नको. जिथे बोललीस तिथे जाऊन बोल. भाऊजी ह्या वेळेला देवळातच असतात."

आ-सेंग आता एक्क्याऐंशीचा. देवळाच्या ओसरीवर पालखीच्या दांड्याला लाल कापड गुंडाळत बसला होता. भोवती पाच-सहा पालखीवाले, चहाची किटली, शेंगांची टरफलं. मला बघून एक जण म्हणाला, "अरे वा, आकाशवाणी आली!" बाकीचे हसले. आ-सेंग हसला नाही, तो कधीच हसत नाही.

मी उभ्यानेच बोलले. दुकान, मागची खोली, हाडवैद्य, सगळं. "मी तोंड पुसताना पाहिलं होतं. खाताना पाहिलं नव्हतं. पण बोलले असं, की जसा वाडगा मीच पुढे केला होता. सेंगदादा, त्यात तुमच्या भावाची काही चूक नव्हती." पेइ-लिंगने चित्र त्याच्यापुढे फरशीवर ठेवलं, आणि नस कुठून जाते ते दाखवलं. मी भाषांतर केलं, ह्या वेळी अक्षरन् अक्षर.

ज्याने आकाशवाणी म्हटलं होतं तो शेंगांची टरफलं गोळा करायला लागला.

आ-सेंगने चित्राकडे ओझरतं बघितलं. "मेल्यावर सापडलेलं कारण," तो म्हणाला. "त्याचं आता काय लोणचं घालायचं?" आणि पुन्हा कापड गुंडाळायला लागला.

"आजोबा, डिसेंबरच्या बावीस तारखेला निरोप आहे. याल ना?" पेइ-लिंग म्हणाली.

"बाजूला हो पोरी, उजेड अडतोय."

परतताना बसमध्ये मी त्या म्हाताऱ्याला इतक्या शिव्या घातल्या की पुढच्या बाकावरच्या बाईने जागा बदलली. दगड मेला! सख्खा भाऊ, आणि एवढं डोळ्यांसमोर ठेवलं तरी पाझर नाही. पेइ-लिंग खिडकीबाहेर बघत होती. ती एवढंच म्हणाली, "मावशी, ते चित्र त्यांनी परत दिलं नाही."

बावीस तारखेच्या आधी चार दिवस मुलं शिवत होती. उजवा खांदा पेइ-लिंगने एकटीने शिवला. टाके इतके बारीक की फांग सर म्हणाले, "ह्यांना कुठे मिरवायचंय?" तर ती म्हणाली, "हो." पांढरा सदरा आम्ही दोघींनी घातला. उजवी बाही आधी, आ-किमने सांगितलं होतं तशी.

सभागृहात पेइ-लिंगने चरित्र वाचलं. 'अफवा' हा शब्द तिने काढला होता. त्या जागी, मला विचारून, माझं नाव होतं. सगळ्या कॉलेजासमोर माझं नाव. मान खाली घालून बसले, पण उठून गेले नाही. आ-किम पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिने त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून. वाचन संपलं, फुलं वाहून झाली, खुर्चीवर पिशवीच होती.

शेवटी मुलं पेटीशी आली. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. पेइ-लिंग डावीकडे पुढे. आ-किमने दाराकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली.

तेव्हा तो आला. घाईत नाही, धापाही टाकत नव्हता, म्हणजे बाहेर कितीतरी वेळ उभा असणार. अंगात पालखीवाल्यांचं पिवळं जाकीट. तो आ-किमकडे गेला नाही, माझ्याकडे बघितलं नाही, सरळ पेइ-लिंगपाशी गेला.

"सरक पोरी."

"आजोबा, जड आहे. तुम्ही नुसता हात लावा. नाहीतर पलीकडे या, उजव्या बाजूला..."

"उजवी बाजू माझीच होती!" तो इतक्या मोठ्याने बोलला की सगळं सभागृह वळलं. मी भाषांतर करायला पुढे गेले, पण तो माझ्यासाठी थांबला नाही. "पालखीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता. दादा, उजवा हात वर जात नाहीये, फक्त दारात, तेवढ्यापुरती बाजू बदलू या का? मी म्हटलं, कौलाने आलेली जागा आहे, नाटकं करू नकोस, आपल्या घराला नाव ठेवतील." त्याने बाहीने नाक पुसलं. "आणि मग ही बाई गर्दीतून बोलली. मला बरं वाटलं तिचं ऐकून. बावीस वर्षं मला तेच बरं वाटत होतं."

आ-किम उठून त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या जाकिटाची मुडपलेली कॉलर सरळ केली.

"चला भाऊजी. ते वाट बघतायत."

पेइ-लिंग बाजूला झाली. आ-सेंग डावीकडे पुढे उभा राहिला, गुडघे वाकवले, आणि आपला उजवा खांदा पेटीखाली दिला.

"वान-फू," तो म्हणाला, "बदलली बघ बाजू."

मग त्यानेच आरोळी दिली, "उचला!"